कदम सरांचं एक क्रियापद

आमच्या मजल्यावरचे कदम सर इंग्रजी क्रियापदं नारळासारखी फोडतात. तुम्ही सहज काही बोललात की ते जिन्यातच अडवतात, "फोडा, फोडा! आत लॅटिन आहे, वहिनी!" एकदा त्यांनी मला 'कन्फ्यूज' फोडून दाखवलं. कॉन म्हणजे एकत्र, फुंडेरे म्हणजे ओतणं. तेवढ्यात घरात माझं दूध उतू जाऊन ओट्यावरच्या कणकेत शिरलं. सर दारातून डोकावून म्हणाले, "हेच ते!"

निवृत्त शिक्षक, एकटे राहतात, स्वतः रांधून खातात. कोपरखैरण्यातल्या आमच्या सोसायटीत पहिल्या मजल्यावरची माणसंही सरांना चुकवायला लिफ्टने जातात. मीही त्यातलीच.

यंदा गणपतीनंतर सोसायटीची पितळी समई दिसेना. किल्ल्या वॉचमन म्हात्रेकाकांकडे, म्हणून सगळ्यांनी त्यांच्याकडेच बोट दाखवलं. "मी हात पन नाय लावला," ते म्हणत राहिले. मग बोलायचेच थांबले. माझ्याकडचा चहासुद्धा घेईनात. मलाही संशय होता, हे कबूल करते.

पंधरा दिवसांनी समई सापडली, सेक्रेटरींच्याच माळ्यावर. त्यांनीच ठेवली होती आणि विसरले होते. मीटिंगमध्ये ते म्हणाले, "मिळाली ना? विषय संपला. नोकरी चालू आहे त्याची, टेन्शन कशाला?"

सर उठले. "एक्झॉनरेट! फोडा!"

"सर, आता नको," कोणीतरी कण्हलं.

"एक्स म्हणजे बाहेर, ओनुस म्हणजे ओझं. निर्दोष ठरवणं नंतर आलं, मुळात अर्थ ओझं उतरवणं. माझे वडील मसाल्याच्या मार्केटात माथाडी होते. पाठीवरचं पोतं उतरवायला दुसऱ्याचा हात लागतो. लेखी माफी लावा बोर्डावर, सगळ्यांच्या सह्यांची."

सेक्रेटरींचं तोंड एवढंसं झालं, पण पहिली सही त्यांनीच केली. दुसरी मी. म्हात्रेकाकांनी कागद दोनदा वाचला, फोटो काढून मुलीला पाठवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, चाय हाय का?" मला इतकं बरं वाटलं की साखर दुप्पट पडली.

दुसऱ्या दिवशी सर वाटी घेऊन दारात. "थोडं जिरं द्याल?"

"संपलं का?"

"आमच्याकडे नसतंच. अण्णांवर, म्हणजे माझ्या वडिलांवर, जिऱ्याचं पोतं चोरल्याचा आळ आला होता. पोतं दुसऱ्या गाळ्यात सापडलं, पण त्यांना कोणी काही म्हणालं नाही. तेव्हापासून त्यांनी घरात जिरं आणलं नाही." सर वाटीकडे बघत होते. "मी दहावीत होतो. मीही विचारलं होतं, अण्णा, तुम्ही घेतलं का? ते शब्द परत घ्यायचे राहूनच गेले. आज सकाळी त्यांच्या फोटोपुढे उभं राहून सांगितलं, तुम्ही नव्हतं घेतलं."

त्यांचे डोळे भरले होते, माझेही. मी वाटी शिगोशीग भरली.

"आमटी करतो," ते म्हणाले. "म्हात्रेला जेवायला बोलावलंय."