मेश्रामकाकाजी आणि चीन

लाखांदुरात वीज गेली की लोक वायरमनला शिव्या देतात. आमचे शेजारी मेश्रामकाकाजी अमेरिकेला देत. एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर. सकाळी रेडिओ कानाला लावून अंगणात उभे राहायचे आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला अडवायचे. दोन शेतकरी शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून भांडत असले, तरी मधे घुसत. "धुरा राहू द्या! तुमच्या मागं मोठा कोन उभा हाय, ते सांगा पयले!" कोणीतरी असायचाच. म्हणून दोघं मिळून काकाजींनाच हाकलत.

"बाबू, मोठ्याइचं पटलं तरी लहाना मरते, नाई पटलं तरी मरते," हे त्यांचं पालुपद.

हे वेड लागलं दोर्जेपायी. अर्जुनीपलीकडच्या तिबेटी वसाहतीतला दोर्जे हिवाळ्यात स्वेटरचं गाठोडं घेऊन त्यांच्याच गाडीनं फिरायचा. त्याचा मोठा भाऊ नेपाळच्या डोंगरातून चीनशी लढत होता. "अमेरिकेनं बंदुका देल्या," काकाजी सांगत, "मंग तिची चीनशी दोस्ती झाली अन् हात झटकले. नेपाळ तं चीनच्या दाराशी! मंग नेपाळनंच फौज धाडली." त्यात भाऊ गेला. बहीण काठमांडूतच राहिली.

पुढं आमचा जिल्हा फुटला आणि वसाहत नव्या गोंदिया जिल्ह्यात गेली. "हा बाजेवरून हालला नाई, अन् पुन्हा परका झाला!" काकाजी म्हणाले. सगळ्यांत जास्त दोर्जेच हसला.

काही वर्षांनी बहीण अखेरच्या घटका मोजत असल्याचा निरोप आला. दोघे म्हातारे निघाले. नेपाळच्या सीमेवर, सोनौलीला दोर्जेला अडवलं. चीनची मर्जी राखायला नेपाळनं तेव्हा तिबेट्यांची वाट आवळली होती. काकाजींनी पहारेकऱ्याला रशियापासून सुरुवात करून सगळं समजावलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चाचा, आप जाइए. ये नहीं जाएगा."

दोर्जे तिथंच धर्मशाळेत थांबला. काकाजी एकटे पुढं गेले.

परतल्यावर बरेच दिवस ते अंगणात दिसले नाहीत. एका दुपारी मीच गेलो.

"तिले दिसत नव्हतं बाबू," ते म्हणाले. "जवळ बसलो, तं तिनं माहा हात चाचपला अन् दोर्जेचं नाव घेतलं."

"मग तुम्ही काय बोललात?"

"एक शबद नाई. बोललो असतो तं तिचा भाऊ गेला असता. ती गेली तोवर हात धरून बसलो."

"आणि दोर्जेला?"

"त्याले सारं सांगतलं. वाटलं, चिडन. त्याच्या हक्काचं मी घेऊन आलो ना." काकाजींनी चष्मा काढून धोतराला पुसला. "तो चिडला नाई, परतीच्या गाडीत माह्या बाजूले बसला. मंग इचारते, 'कौन-सा हाथ?' मी उजवा पुढं केला. त्यानं तो छातीशी धरला, अन् गाडी सुटली तरी सोडेच ना."