हातमोज्यांचं प्रस्थान

दुसऱ्या हातमोज्याचा अंगठा सुधाताईंनी तिसऱ्यांदा उसवला, तेव्हा लक्ष्मीकांतने ताटावरून मान वर केली.

"ताई, ट्रक गुरुवारी आहे," तो म्हणाला. "हातमोजे माझ्याबरोबर यायचे की मागाहून पोस्टाने?"

"अंगठा तिरका आला होता रे."

"आणि काल?"

"काल दाणे तळहाताकडे आले. दोन्ही डाव्या हाताचेच झाले."

"आणि परवा?"

परवाचं कारण सुधाताईंना आठवेना. त्या उसवलेली लोकर गुंड्यावर गुंडाळत राहिल्या.

एरवी क्रोशाची सुई हातात आली की झरकन काम उरकणारी बाई. मनगटापासून गोल गोल वर जायचं, मधे चार साखळ्या सोडून अंगठ्याला वाट ठेवायची, पुन्हा गोल. तळहाताची बाजू साधी, म्हणजे कागदावर हात सरकतो. वरच्या बाजूला मात्र एकाच टाक्यात पाच खांब घालून त्यांची तोंडं बांधायची, की मक्याच्या दाण्यासारखा दाणा टपकन वर येतो. बोटांना काही नाही. थंडीत लक्ष्मीकांतची बोटं आखडतात आणि अक्षर बिघडतं, पण झाकलेल्या बोटांनी टाक धरता येत नाही. म्हणून अर्धेच हातमोजे. शेजारच्या लीलाताईंनी ते पाहून विचारलंच होतं, "लोकर संपली का हो? बोटं द्यायची विसरलात."

मध्यभारत मोडून मोठा मध्यप्रदेश व्हायचं ठरलं आणि राजधानी भोपाळला गेली. तिच्यामागून लश्कर शहरातल्या कचेऱ्याही निघाल्या. कपाटं, दफ्तरं, दौती, खुर्च्या आणि खुर्च्यांवर बसणारे. भोपाळात घरांची वानवा, म्हणून कारकुनांनी एकटंच जायचं, एका बराकीत सहा-सहा खाटा. सुधाताईंच्या वस्तीत, जयेंद्रगंजात, त्या महिन्यात ज्या घरी जावं तिथे एकच वाक्य कानावर यायचं, "क्वार्टर मिळालं की तुम्हाला नेतोच." म्हणणारा भिंतीकडे बघून म्हणायचा आणि ऐकणारी जमिनीकडे बघून ऐकायची.

सुधाताईंना हे वाक्य भावाकडून ऐकायचं होतं. आई गेली तेव्हा लक्ष्मीकांत रांगत होता. त्याला वाढवता वाढवता त्यांचं लग्न राहून गेलं, आणि ताईकडे पाहता पाहता त्यालाही लग्नाचं सुचलं नाही. घरात दोघंच. बदलीचा हुकूम आला त्या दिवशी तो म्हणाला होता, "ताई, तू नको म्हणालीस तर मी नाही जात. इथेच बिर्ला नगरच्या गिरणीत कुठेतरी कारकुनी मिळेल." त्याने ते मनापासून म्हटलं होतं, म्हणूनच सुधाताई घाबरल्या. त्या नुसतं "बघू" म्हणाल्या आणि तुळशीला दिवा लावायला गेल्या. त्यांचे नेम पहाटेपासून रात्रीपर्यंत असत आणि देवाशी त्या कधी खोटं बोलल्या नव्हत्या. आता मात्र पंचाईत झाली. जाऊ नये असं मागावं तर भावाच्या नोकरीवर पाणी. जावं असं मागावं तर ते खोटं. त्या काही न मागता माळ ओढायच्या.

त्यात ट्रक निघायचा गुरुवारी, आणि भोपाळ पडलं दक्षिणेला. गुरुवारी दक्षिणेला दिशाशूल. त्या वाराला त्या दिशेने कोणी निघत नाही.

"सरकारला कोणी सांगितलं नाही का?" सुधाताईंनी विचारलं.

"सरकारचं पंचांग वेगळं आहे, ताई. त्यात ऐन दिवाळीच्या तोंडावर माणसं हलवायला शुभ दिवस असतो."

उपाय एकच होता, प्रस्थान ठेवण्याचा. माणसाला मुहूर्तावर निघता येत नसेल, तर त्याची एखादी वस्तू चांगल्या वारी त्याच्या आधी, जायच्या दिशेला, दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. म्हणजे तो निघालाच असं धरतात. मग जाताना त्याने ती उचलायची. मात्र ती वस्तू परत घरात येता कामा नये. आली तर प्रवास मोडला; मग माणसाने जायचं नाही.

"ब्राह्मणाने जानवं ठेवावं म्हणतात," सुधाताई म्हणाल्या.

"मग मी इथेच राहतो आणि जानवं जाऊ दे भोपाळला. कचेरीत काम तेवढंच होईल."

जानवं एकच, तेही अंगावर. शेवटी सुधाताईंनी रात्री अंगठा पुरा केला आणि सोमवारी सकाळी हातमोजे, एक सुपारी आणि अक्षता पांढऱ्या फडक्यात बांधून त्या दक्षिणेकडच्या कंपू मोहल्ल्याकडे निघाल्या. तिथे संभाजीराव राहत. संस्थानच्या पलटणीत ते सुभेदार होते. पलटण विलीन झाली तेव्हापासून त्यांना सांभाळायला काही उरलं नव्हतं. त्यांनी पुरचुंडी दोन्ही हातांनी घेतली.

"कोणालाही द्यायची नाही. गुरुवारी तोच येऊन नेईल," सुधाताई म्हणाल्या.

"ताई, आम्ही तोफखान्याची दारू सांभाळली आहे. दोन मोजे काय घेऊन बसलात?"

त्यांनी ती देवांच्या फळीवर ठेवली, आणि दारूकोठाराची शिस्त अशी की आत काय आहे ते कोणाला सांगायचं नाही, म्हणून घरात कोणालाही न सांगता ते पेन्शनच्या कामाला निघून गेले.

दुपारी त्यांच्या सुनेने, दुर्गाने, दिवाळीची साफसफाई काढली. फळीवर पुरचुंडी, पुरचुंडीत दाणेदार हातमोजे. असे दाणे लश्करात एकाच बाईच्या हातचे. सकाळी सुधामावशी येऊन गेल्या, त्यांचा सामान छूटून गेला बिचाऱ्यांचा, असं समजून तिने दारावरून जाणारा दौलतसिंहचा टांगा थांबवला आणि पुरचुंडी जयेंद्रगंजला रवाना केली.

संध्याकाळी सुधाताई आतल्या अंगणात तुळशीपुढे वात सारत होत्या. ओट्यापाशी टांगा थांबला.

"बाईजी, आपका सामान. कंपू से बहूजी ने भेजा है."

फडकं ओळखून सुधाताई वात तशीच टाकून दाराशी आल्या. दौलतसिंह पायरी चढू लागला.

"तिथेच थांबा. आत आणू नका."

"क्यों बाईजी, क्या है इसमें?" दौलतसिंहने पुरचुंडी अंगापासून लांब धरली.

सुधाताई उंबरठ्याच्या आत, तो बाहेर, मधे वीतभर लाकूड. हात पुढे केला असता तर झालं होतं. प्रस्थान परत आलं एवढे तीन शब्द त्या म्हणाल्या असत्या, आणि लक्ष्मीकांतने थट्टा केली असती, चिडला असता, पण थांबला असता. खोटंही ठरलं नसतं. आपोआप परत आलं होतं. त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

"बाईजी, सवारी बैठी है. किला गेट जाना है."

"परत कंपूत नेऊन द्या," सुधाताई हळूच म्हणाल्या.

"अभी तो किला गेट जाऊँगा. सुबह पक्का."

आणि जी वस्तू दक्षिणेला जायची ती टपटप करत उत्तरेला गेली. लीलाताई ओट्यावरून सगळं ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "उत्तरेला म्हणजे आता दिल्लीला बदली व्हायची. बघा तुम्ही."

मंगळवारी दौलतसिंह काही कंपूत फिरकला नाही. बुधवारी पहाटेचे नेम आटोपून सुधाताई चालत किला गेटला गेल्या. दौलतसिंह अड्ड्यावर होता. हातमोजे त्याच्या हातांत होते.

"बाईजी, बुरा मत मानना," तो ओशाळून म्हणाला. "कल सवेरे ठंड थी, सोचा पहुँचाने तक पहन लूँ. फिर उतारने का मन नहीं हुआ. उँगलियाँ खुली हैं ना, लगाम पकड़ने में ऐसा आराम है कि क्या बताऊँ. ये दाने देखके घोड़ा भी सीधा चलता है."

तो हातमोजे काढू लागला. त्याच्या बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या. सुधाताईंनी त्या पाहिल्या आणि म्हणाल्या, "राहू द्या. कंपूत पोचलो की काढा. पण जयेंद्रगंजातून नको, बाहेरून चला."

"लंबा पड़ेगा."

"पडू द्या."

लांबून जावं म्हटलं तर वाटेत नेमकी कचेरी आली. समोर ट्रक उभा. त्यावर कपाटं आडवी घातली होती आणि कपाटांवर लाल फडक्यांतली दफ्तरं रचली होती. खाली लक्ष्मीकांत. त्याने आधी टांगा पाहिला, मग आतली बहीण पाहिली, मग लगाम धरलेले हात पाहिले.

"ताई, ते माझे ना?"

"हो."

"मग टांगेवाले का घालून बसलेत?"

"प्रस्थानावर आहेत रे ते. आपण मधे बोलू नये."

दौलतसिंहने मान लववून सलाम केला. ट्रकवरचे दोन हमाल खदखदून हसले. लक्ष्मीकांत हसला नाही. तो टांग्याच्या दांडीला धरून उभा राहिला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "लीलाताई सकाळी भेटल्या. परवा हे घरी परत आलं होतं म्हणे. परत आलं तर जायचं नाही, असंच ना तुमचं शास्त्र? मग तू बोलली का नाहीस?"

सुधाताईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"ताई, यादीतलं नाव अजून कटतं. बडे बाबू आतच बसलेत. सांग."

घोड्याने शेपटी उडवली. सुधाताईंना वाटलं, घोड्याला काय सोपं आहे, लगाम ओढला की वळायचं.

"उंबरठा नाही ओलांडला," त्या म्हणाल्या. "ओट्यापर्यंत आलेलं परत आलं असं धरत नाहीत."

"नक्की?"

"मी तुला शास्त्र चुकीचं सांगेन का? हो बाजूला. उशीर होतोय."

कंपूत संभाजीराव दारात वाट पाहत होते. त्यांनी दौलतसिंहकडून हातमोजे काढून घेतले, सुनेला पुढे बोलावून दाखवले आणि फळीखाली स्वतःची खाट टाकली. "आता पहारा लावलाय, ताई," ते मान खाली घालून म्हणाले. "असली चूक पलटणीत झाली असती तर माझे बिल्ले उतरले असते." दुर्गाने पदर डोळ्यांना लावला. "मावशी, मला काय मालूम? मी तर चांगलं करायला गेले होते." सुधाताईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. चांगलंच केलं होतं तिने, एका परीने.

गुरुवारी उजाडता उजाडता लक्ष्मीकांत निघाला. सुधाताईंनी त्याच्या हातावर दही घातलं. भाऊबीज दहा दिवसांवर आली होती. तिचं नाव दोघांनीही काढलं नाही. तो म्हणाला, "डबा दिलास ना?" त्या म्हणाल्या, "पिशवीत वर आहे." मग तो वाकून पायरीपाशी काहीतरी खुडबुडत राहिला, बूट बांधायला त्याला नेहमीच वेळ लागायचा, आणि गेला. क्वार्टरचं वाक्य तो बोललाच नाही. सगळ्या गल्लीत तेवढा एकच पुरुष ते न बोलता गेला.

माणूस गेल्यावर लगेच केर काढत नाहीत, म्हणून सुधाताई दुपारपर्यंत बसून होत्या. मग हातमोजे त्याने नेले की नाही ही रुखरुख लागली. उठून पाहतात तर दाराशी त्यांच्या चपला नाहीत. एकुलता एक जोड. पायरीखाली पाहिलं, ओट्याखाली पाहिलं, गल्लीतल्या कुत्र्याच्या बसायच्या जागी पाहिलं. शेवटी त्या तशाच अनवाणी कंपूला गेल्या.

"नेले, नेले," संभाजीराव म्हणाले. "ट्रकवाला भोंगा वाजवत होता तरी आत येऊन हातात घातले आणि मगच गेला. वास घेऊन म्हणाला, घोड्याचा वास येतोय. मी म्हटलं, मोठं भाग्य असतं ते." मग त्यांनी खाकरून फळीकडे पाहिलं. "पण ताई, बरं झालं तुम्ही आलात. तो हे ठेवून गेलाय. देवांच्या शेजारी. मी म्हटलं, अरे वेड्या, ही काय जागा झाली?"

फळीवर वर्तमानपत्राच्या कागदात सुधाताईंच्या चपला होत्या.

"म्हणाला, हे ताईचं प्रस्थान. ताईला विचारलं असतं तर तिने गुरुवार म्हणून उद्यावर टाकलं असतं, म्हणून विचारलं नाही. परत द्यायच्या नाहीत म्हणाला, त्या स्वतः मागायला आल्या तरी नाही. न्यायला तोच येणार आहे, तुम्हाला घेऊन."

सुधाताई खाली बसल्या. त्यांनी पदर तोंडावर घेतला. दुर्गाला वाटलं त्या रडताहेत, संभाजीरावांना वाटलं हसताहेत.

"पण मावशी, तुम्ही घरी जाणार कशा?" जरा वेळाने दुर्गा म्हणाली. "माझ्या घालून जा ना."

"नको गं. पाय आहेत."

"आणि हे किती दिवस चालतं, ताई?" संभाजीरावांनी विचारलं. "म्हणजे मी पहारा किती दिवस ठेवू?"

प्रस्थान पाच दिवसांच्या वर टिकत नाही. त्याच्या आत माणूस निघाला नाही, तर ते वाया जातं. हे सुधाताईंना तोंडपाठ होतं. भोपाळात क्वार्टरांचा अजून पायासुद्धा खणलेला नव्हता, हेही त्यांना ठाऊक होतं. लक्ष्मीकांतनेच जेवताना सांगितलं होतं. त्यांनी फळीवरच्या देवांकडे पाहिलं नाही.

"चालतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "कितीही दिवस चालतं."

त्या घरी पोचल्या तेव्हा दिवेलागण झाली होती. ओट्यावर पाय धुताना लीलाताई डोकावल्या.

"अग बाई, अनवाणी? आता हे कसलं नवं व्रत? कोणी सांगितलं?"

"लक्ष्मीकांतने."

"तो कधीपासून मानायला लागला असलं? आणि किती दिवसांचं आहे?"

सुधाताईंनी दुसऱ्या पायावर पाणी घातलं, टाच घासली, पुन्हा पाणी घातलं.

"तेवढं विचारायचं राहिलं," त्या म्हणाल्या.