बरणीवरचा आळ

"काहीतरी सडलंय!" जाक्रित स्वयंपाकघराच्या दारात नाक धरून उभा राहिला आणि त्याची नजर थेट सासूबाईंच्या बरणीवर गेली.

बरणीत पला रा होतं, म्हणजे मीठ लावून महिनोन्‌महिने मुरवलेले मासे. सासूबाई, म्हणजे बुआलाई, ती बरणी थायलंडच्या ईशान्येकडल्या इसान प्रांतातल्या गावाहून बसमध्ये मांडीवर घेऊन आल्या होत्या. बँकॉकात वाढलेल्या जाक्रितला तो वास सोसत नसे. पण बरणीच्या बरोब्बर वर, भिंतीतल्या जुन्या सॉकेटमध्ये, त्याच्या नव्याकोऱ्या विजेच्या गाडीची वायर खोचलेली होती. "चार्जिंगला वेगळी लाइन ओढून घ्या," असं शोरूमवाल्याने बजावलं होतं. "गाडी म्हणजे मोठा मोबाइलच की!" म्हणत स्वारीने ते हसण्यावारी नेलं होतं.

"आई, झाकण नीट लावलं नाहीत वाटतं. घरात नुसता मासळीबाजार झालाय."

बुआलाईंनी दोनदा हुंगून पाहिलं. "हा वास माझ्या बरणीचा नाही."

"मग काय माझा आहे?"

"ते तुझं तुला ठाऊक! माझ्या हातच्या पला राला सडकं म्हणतोस? दाव, ऐकलंस ना? झाला एवढा पाहुणचार पुरे. जावईबापू, मला बसस्टँडवर सोडा. आत्ताच्या आत्ता!"

जाक्रितची बायको दाव पिशवी घेऊनच बाहेर आली. "आई गेली तर मीही चालले. बस मग सुगंध घेत एकटा."

जाक्रित दारात आडवा झाला. दाव बोलते ते करते, हे त्याला लग्नाआधीपासून माहीत होतं. "अहो, पण गाडी थोडी चार्ज तरी होऊ द्या!" त्याला वाटलं, तेवढ्यात दोघींचा राग निवेल.

बुआलाईंनी आपली पिशवी खांद्याला लावली, बरणी उचलली आणि तरातरा जाऊन अंगणात उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या मागच्या सीटवर ठेवली. नव्या सीटवर! जाक्रित चिकटपट्टी घेऊन धावला आणि झाकणाभोवती गरगरा वेढे देऊ लागला.

"अरे, मुरतंय ते अजून! त्याला हवा लागते, कोंडू नको असं."

"हवाच तर बाहेर यायला नकोय, आई," म्हणत त्याने आणखी एक वेढा दिला, काचा बंद केल्या आणि हात झटकत घरात आला.

घरात वास दुप्पट झाला होता.

"बरणी गाडीत, आई बाहेर ओट्यावर, चूल बंद," दाव कमरेवर हात ठेवून म्हणाली. "आता घरात उरलास तू."

तिने त्याला अंघोळीला पिटाळलं. तो साबण फासून आला, तरी वास होताच. मग त्याने शेजारणीच्या मांजरावर संशय घेतला, कपाटाखाली झाडू घालून मेलेली पाल शोधली, फ्रीज भिंतीपासून ओढून काढला. एवढ्यात फट्‌कन आवाज झाला, पंखा थांबला आणि मेन स्विच पडला. सॉकेटमधून धुराची रेघ निघाली. सॉकेट वितळून तपकिरी झालं होतं, आणि वास? जळक्या प्लॅस्टिकचा, पण अगदी कुजक्या मासळीसारखा.

"म्हणजे... सॉकेट जळत होतं?" जाक्रितने विचारलं.

"आणि आळ माझ्या बरणीवर!" दारातून बुआलाई म्हणाल्या.

त्याने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. "चुकलो, आई. नाकाने धोका दिला. जाऊ नका ना! तुमच्याशिवाय घराला चव नाही."

"माझी कसली माफी मागतोस? बरणीची माग."

तो धावत गाडीशी गेला. काचांमागे बरणीचं झाकण उन्हात टम्म फुगलं होतं. त्याने दार उघडलं, हात जोडले, आणि बरणीने धडाम्‌कन माफी मंजूर केली. छत, सीट, स्टिअरिंग, जाक्रितचा ताजा शर्ट, सगळीकडे पला रा!

दाव तोंडाला पदर लावल्यासारखी ओढणी धरून हसत सुटली. बुआलाई मात्र हसल्या नाहीत. त्यांची पिशवी अजून खांद्यालाच होती. त्या गाडीजवळ आल्या आणि त्यांनी भुवया चढवून विचारलं, "काय हो जावईबापू? कसला वास येतोय गाडीत?"

जाक्रितने सासूबाईंकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, भुवईवरून ओघळणारा मासा पुसला.

"वायर जळत असेल, आई," तो म्हणाला. "वायरच!"

बुआलाईंनी पिशवी खाली ठेवली.