जंतूंचा पुरवठा

जंतू हा मुळातच बेशिस्त प्राणी. त्याला फाटक कळत नाही, वेळ कळत नाही, वशिला तर अजिबात कळत नाही. म्हणून त्याच्या बंदोबस्ताला अनुभवी माणूस लागतो. नांदुऱ्याच्या चिंतामणरावांनी तहसीलच्या पुरवठा शाखेत चौतीस वर्षं काढलेली. दारात आलेल्याला परत कसं पाठवायचं, यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता.

नात ओवी जन्मली त्याच दिवशी त्यांनी नियमावली केली. पाहुण्यांनी वीस सेकंद साबण लावावा. बाळ चार फुटांवरून पाहावं (सुनेच्या माहेरच्यांनी, म्हणजे वडनेर भोलजीकरांनी, सहा, तिकडे गोठे आहेत). मुका घेऊ नये, मागूही नये. बाळ शिंकलं की अँटिबायोटिक. डॉक्टरनं नाही दिलं तर दुसरा डॉक्टर. आठ महिन्यांचा गोषवारा असा: आलेले पाहुणे एकसष्ट, फाटकातून परत त्रेचाळीस, घरात शिरलेले जंतू शून्य (मोजले नव्हते, पण दिसलेही नव्हते).

आणि एवढ्या बंदोबस्तात पोरीला इसब झाला! गाल लालबुंद, कोपराच्या घड्या सोललेल्या. खाजवून रक्त काढायची म्हणून हातांना मोजे घातले, तर गाल गादीला घासायची. चिंतामणरावांचं आतडं तुटायचं. त्यांनी फिनाइल दुप्पट केलं.

खामगावच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "थोडं घराण्यातून येतं. पण तान्हेपणी पोटात तऱ्हेतऱ्हेचे चांगले जंतू वसले नाहीत, तर अशा ॲलर्जीचा धोका वाढत असावा, असं दिसतंय. सगळं अजून उलगडलेलं नाही. मलम नेमानं लावा, उगाच अँटिबायोटिक देऊ नका, अन् लेकराला माणसांत राहू द्या."

चिंतामणरावांना यातलं एकच ऐकू आलं: तुटवडा. मग काय, अंगात पुरवठा शाखा संचारली.

सून मयुरी म्हणाली, "मामाजी, मी तिले चार दिवस माहेरी नेतो ना."

"लाभार्थ्यानं गोदामात जायचं नसतं. माल इथं येईल."

वडनेर भोलजीला मागणी गेली: अंगणातली माती, अर्धा किलो, बंद डब्यात. डबा घेऊन विहीणबाई आशाबाई स्वतःच बसनं आल्या. आठ महिन्यांत नात त्यांच्या मांडीवर एकदाही आली नव्हती. त्यांनी साबण लावला, सहा फुटांवर बसल्या. चिंतामणरावांनी माती चाळली, वीस मिनिटं उकळली, वर दोन थेंब फिनाइल टाकलं.

"अवं माय! जंतू उकळून राह्यले काय व्याहीबुवा? मेले ना ते!"

"निर्जंतुक केल्याशिवाय जंतू देता येत नाहीत," चिंतामणराव गंभीरपणे म्हणाले.

तेवढ्यात ओवीनं भोकाड पसरलं. तिला गप्प करायचा उपाय ठरलेला होता. चिंतामणरावांनी आपला मोबाईल तिच्या हाती दिला. तिनं त्याचा कोपरा तोंडात धरला आणि चोखू लागली.

आशाबाई बघत राहिल्या. "अन् हा कधी उकळता?"

"तो घरातलाच आहे."

"हाव, घरातलाच हाय," मयुरी खाली मान घालून म्हणाली. "रोज सकाळी पाऊण तास मामाजीसंगं संडासात असते."

चिंतामणरावांनी मोबाईल पोरीच्या तोंडातून काढला. ती पुन्हा रडू लागली. मग तिला उचलून ते सहा फूट चालत गेले आणि त्यांनी तिला आशाबाईंच्या मांडीवर ठेवलं.

"न्या तिला," म्हणाले. "चुकलंच माझं. मलमाची ट्यूब तेवढी विसरू नका."

आशाबाईंनी नातीचा मुका घेतला (नियमभंग, दखल घेतली नाही).

आठवडाभर गल्ली हसत होती. तुम्हीही हसा, हरकत नाही. फक्त हे कशावर वाचताय, कुठं बसून वाचताय, आणि वाचून झाल्यावर कुठल्या रडणाऱ्या लेकराच्या हातात देणार आहात, तेवढं बघा.