वाढलेल्या भेकराची गोष्ट

मुलांनो, आधी माफी मागतो. माझं शिक्षण अर्धवट राहिलं. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल आणि शब्द साधेच येतील. मध्येच मोठे शब्द आले तर ते सरकारी कागदावरचे समजा, माझे नाहीत.

एका जंगलात एक शाळा होती आणि दोन सरपंच होते. ओढ्याच्या अलीकडे तरस सरपंच, पलीकडे रानडुक्कर सरपंच. शाळा ओढ्याच्या अगदी काठावर. छप्पर गळत होतं तोवर तरस म्हणायचा, शाळा डुकराची. डुक्कर म्हणायचा, शाळा तरसाची. मग नव्या छपराला निधी मंजूर झाला. त्या दिवसापासून शाळा दोघांचीही झाली.

दोघं कोर्टात गेले.

इकडे बगळेगुरुजी गणित शिकवत होते. फळ्यावर १२ × ६ = एवढं लिहून त्यांनी मागे पाहिलं. गोंद्या मान वर करून छपराच्या भोकातून ढग बघत होता. गोंद्या म्हणजे भेकराचं पिल्लू. भेकर हे लहानखुरं हरीण असतं.

"गोंद्या, उभा राहा," गुरुजी म्हणाले.

गुरुजी स्वतः एका पायावर उभे राहत. त्यांना पाय दोन, म्हणून एक. गोंद्याला चार, म्हणून दोन. गुरुजींचं गणित पक्कं होतं.

घंटा झाली. बाकीची पोरं पळाली. गोंद्या मागच्या दोन पायांवर उभाच. गुरुजींना दया आली. 'बस खाली' म्हणायला त्यांनी चोच उघडली, तेवढ्यात शिक्षणाधिकारी साळिंदरसाहेब धापा टाकत आत आले.

"थांबा गुरुजी. कशालाही हात लावू नका. कोर्टाचा आदेश आलाय. पुढच्या तारखेपर्यंत शाळेत सगळं जैसे थे ठेवायचं."

"म्हणजे?"

"म्हणजे आत्ता जसं आहे, तसंच."

"साहेब, हा पोरगा उभा आहे."

साहेबांनी गोंद्याकडे पाहिलं. त्यांचे काटे ताठ झाले. "मग उभाच राहील. बसवलंत तर कोर्टाचा अवमान होईल. माझी निवृत्ती जवळ आलीय, गुरुजी."

दुसऱ्या दिवशी बाकीची पोरं आली. त्यांना दारातूनच परत पाठवलं. आदेश आला तेव्हा ती वर्गात नव्हती ना.

गोंद्याची आई धाकट्या पिल्लाला घेऊन आली. "साहेब, माझा पोरगा घरी आला नाही."

"तो इथंच आहे, बाई. अगदी सुरक्षित. हलणारसुद्धा नाही."

"त्याचे पाय दुखतात."

"दुखू द्या. त्याला आदेशात मनाई नाही."

आई सरपंचांकडे गेली. तरस हसला. तरसाला दुसरा चेहराच नसतो. "वहिनी, पोरगा आमच्या बाजूनं उभा आहे असं लिहून द्या. लगेच बघतो."

"आमच्या बाजूनं," रानडुक्कर म्हणाला. "त्याचं तोंड ओढ्यापलीकडं आहे."

आईनं काहीच लिहून दिलं नाही. ती रोज कोवळा पाला आणून गोंद्याला भरवायची. खाल्ल्यावर पोराचं जे होतं तेच झालं. गोंद्या वाढला. डोक्यावर शिंगांचे कोंब फुटले.

साळिंदरसाहेब पाहणीला आले. आदेशाच्या दिवशी उंचीची खूण केलेला बांबू त्यांनी लावला, तर गोंद्या खुणेच्या वर गेलेला. मग आईला नोटीस गेली. 'आपल्या पाल्याने स्थगिती असताना विनापरवानगी वाढ केली आहे. खुलासा करावा.'

"काय खुलासा करू?" आई म्हणाली. "आई आहे मी. खायला घातलं."

"असं लेखी देऊ नका," साहेब हळूच म्हणाले. "गुन्हा कबूल केल्यासारखं होतं."

शेवटी तारीख आली. न्यायमूर्ती गवारेडे स्वतः शाळा पाहायला आले. आईला वाटलं, आता सुटका होणार. तुम्हालाही तसंच वाटत असेल.

न्यायमूर्तींनी आदेश वाचला, मग गोंद्याला न्याहाळलं. "आदेशाच्या दिवशी इथं एक लहान भेकर उभं होतं. आज मोठं आहे. लहान कुठं गेलं?"

"साहेब, हाच तो," आई म्हणाली.

"शिक्षणाधिकाऱ्यांच्या मोजमापानुसार नाही. लहान भेकर आत्ता हजर करा. नाहीतर साळिंदर आणि दोन्ही सरपंच तुरुंगात जातील."

तरस, रानडुक्कर आणि साळिंदर यांचं तेव्हा पहिल्यांदा एकमत झालं. तिघांनी मिळून आईच्या मागे लपलेल्या धाकट्याकडे पाहिलं.

त्याला दोन पायांवर उभं केलं. बांबू लावला. उंची खुणेला तंतोतंत भरली.

"आदेशाचं पालन झालं," न्यायमूर्ती म्हणाले, आणि पुढची तारीख देऊन गेले.

गोंद्या सुटला. पण त्याला चार पायांवर चालता येईना. तो भिंत धरून बाहेर आला.

आईनं पाला आणला होता. ती धाकट्याजवळ गेली. मग तिनं पाला तसाच खाली ठेवला आणि त्याच्या कानात म्हणाली, "बाळा, वाढू नकोस."

तात्पर्य : शाळा मुलांच्या वाढीसाठी असते, हा गैरसमज आहे. शाळेत मुलांनी वाढू नये. वाढ झाल्यास पालक जबाबदार राहतील.

ही गोष्ट मी काल आमच्या आळीतल्या पोरांना सांगितली. एका पोरीनं विचारलं, "दादा, फळ्यावरच्या गणिताचं काय झालं?" मी सहावीत असताना आमची शाळाही अशीच तारखेवर गेली. कुलूप अजून तसंच आहे.

आज सकाळी मी शाळेच्या मागच्या बाजूला गेलो. खिडकीचा एक गज तुटलेला आहे. आत हात घातला की फळ्याची कड लागते. १२ × ६ = अजून होतं. त्याच्यापुढं मी ७२ लिहिलं.

तेवढी वाढ माझ्याकडून झाली आहे.