अठ्ठ्याऐंशी, काही टोचणार नाही

दर गुरुवारी दुपारी अडीच वाजता पाळंदे डॉक्टर बिंगोचे आकडे पुकारायला बसतात आणि पावणेतीनपर्यंत निम्मा हॉल झोपलेला असतो.

डॉक्टर एकतीस वर्षं लीड्सच्या एका हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण आवाज निवृत्त झालेला नाही. "अठ्ठ्याऐंशी," ते इंग्रजीत अगदी हळू म्हणतात. "काही टोचणार नाही. फक्त अठ्ठ्याऐंशी." पुढचा आकडा येईपर्यंत एखादी मान छातीवर टेकते.

डेव्हनच्या किनाऱ्यावरची आमची ही निवृत्तांची वसाहत नोव्हेंबर ते मार्च भरलेली असते. इथला हिवाळा उबदार असतो, असं माहितीपत्रकात छापलं आहे. दारापुढे पामची चार झाडं आहेत. ती स्वेटरशिवाय उभी असतात. आम्हाला ते जमत नाही. तरी लीड्स-बर्मिंगहॅमच्या मानाने बरं, म्हणून उत्तरेकडची मंडळी इथे हिवाळ्यापुरते फ्लॅट घेतात. मराठी माणसं आम्ही तिघंच.

माझी ओळख करून दिली तेव्हा डॉक्टरांनी हात पुढे केला नाही. माझा गळा पाहिला. "मान आखूड आहे," ते म्हणाले. "भूल देताना घशात नळी घालायला जड जाईल." इल्फर्डच्या उज्ज्वलाताई पेठे शेजारीच होत्या. त्यांच्याकडे एक नजर टाकून डॉक्टर म्हणाले, "अठ्ठ्याहत्तर किलो." आकडा बरोबर होता. उज्ज्वलाताई आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

मग एके दिवशी जिन्यात डॉक्टरांनी त्यांना विचारलं, "शेवटचं कधी खाल्लंत?"

"सकाळी साडेसातला," उज्ज्वलाताई म्हणाल्या आणि जेवायचं आमंत्रण येईल म्हणून थांबल्या. डॉक्टरांनी समाधानाने मान हलवली आणि ते निघून गेले. भूल देण्याआधीचा हा प्रश्न ते सवयीने सगळ्यांनाच विचारतात, हे ताईंना नंतर कळलं.

बिंगोत कोणी झोपलं म्हणून कुणाची तक्रार नव्हती. भांडण झालं ते झोपलेल्यांना उठवण्यावरून. खेळ संपला तरी डॉक्टर हॉल सोडत नसत. शेवटचा माणूस जागा होईपर्यंत त्याच्यासमोर खुर्ची घेऊन बसत. डोळे उघडले की म्हणत, "वेलकम बॅक. सगळं छान झालं." हा शेवटचा माणूस बहुतेक वेळा फ्रँक असे. फ्रँक निवृत्त बसचालक. रात्री झोप येत नाही म्हणणारा. चार वाजता योगवर्गाची मंडळी चटया घेऊन दाराशी उभी राहत. डॉक्टर दारातून सांगत, "पेशंट अजून टेबलावर आहे."

तीनदा असं झाल्यावर व्यवस्थापक शॅरनने सभा बोलावली. ठराव सरळ होता: आकडे यापुढे मशीन पुकारेल. योगवाल्यांचे हात वर गेले. त्यांत उज्ज्वलाताईंचाही होता.

"अहो डॉक्टर, खांद्याला धरून हलवायचं की," त्या मराठीत म्हणाल्या. "फ्रँक काय लहान आहे? दहा मिनिटं एकटा राहिला तर बिघडतं कुठे?"

डॉक्टरही मराठीतच बोलले. आवाज बिंगोचाच होता. "बायकोच्या, निर्मलाच्या ऑपरेशननंतर मी तिच्यापाशी बसलो होतो. हॉस्पिटल माझंच. चहा घ्यायला खाली गेलो, दहाच मिनिटं. नर्स म्हणाली, मधे त्यांनी डोळे उघडले होते. इकडेतिकडे बघितलं आणि परत मिटले. मग उघडले नाहीत."

शॅरनने विचारलं, डॉक्टर काय म्हणाले? उज्ज्वलाताईंनी ते इंग्रजीत सांगितलं. सांगून झाल्यावर स्वतःचा हात खाली घेतला. मग बाकीचे हातही खाली आले. योगवर्ग पाच वाजता घ्यायचं ठरलं. फ्रँकने सूचना मांडली की बिंगो आठवड्यातून दोनदा व्हावा. ती फेटाळली गेली.

पुढच्या गुरुवारी आकडे नेहमीसारखे पुकारले गेले. फ्रँक चारला उठला, "वेलकम बॅक" ऐकून गेला. मी साडेचारला चष्मा राहिला म्हणून हॉलमध्ये परत आलो. डॉक्टर त्याच खुर्चीत गाढ झोपले होते. आकड्यांची पिशवी मांडीवर होती. समोर उज्ज्वलाताई विणकाम घेऊन बसल्या होत्या. त्यांनी मला बोटाने गप्प केलं.

पाचला चटया आल्या. ताई दारापर्यंत गेल्या, हळू आवाजात दोन शब्द बोलल्या आणि परत येऊन बसल्या. चटया जेवणाच्या खोलीत गेल्या.

पाच वाजून दहा मिनिटांनी डॉक्टरांनी डोळे उघडले. इकडेतिकडे पाहिलं.

"वेलकम बॅक," उज्ज्वलाताई म्हणाल्या. "सगळं छान झालं."

डॉक्टरांनी मांडीवरची पिशवी सावरली.

"शेवटचं कधी खाल्लंत?" ताईंनी विचारलं.

"सकाळी साडेसातला."

ताईंनी पिशवीतून लाडवांचा डबा काढला.