वीस सेंटीमीटर बाहेर

माप मला नुसत्या नजरेने कळतं. बाकावर तिसरी बाई मावेल का, डब्यात अजून किती साखर जाईल, जाऊबाईंच्या बोलण्यात खरं किती असेल, सगळं बघून सांगते! आमचे हे शिंपी असूनही घरातली मापं मीच सांगायची, अशी पद्धत मी लग्नानंतर आठवडाभरात पाडली.

त्यामुळे क्रीडासंकुलातल्या नव्या खेळाडू निवासावर मला तीन महिन्यांसाठी वॉर्डन नेमलं, तेव्हा मला मुळीच नवल वाटलं नाही. संचालकांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "बास्केटबॉलचा संघ येतोय, स्पर्धा संपेपर्यंत आठ दिवस. एकेक जण ताडमाड. नेहमीच्या पलंगावर त्यांचे पाय लटकतात. काय करायचं?"

"पलंग लांब करायचे, सर! खोलीत मावेल तेवढे लांब!"

"नीट मोजून घ्याल ना?"

"हा काय प्रश्न झाला?"

ते म्हणाले, "संघ खूश झाला तर तुमची नोकरी पक्की आणि तळमजल्यावरचं क्वार्टर तुमचं. तक्रार आली तर मात्र..." पुढचं त्यांनी डोळ्यांनीच सांगितलं.

क्वार्टर! दोन खोल्या! तुम्हाला म्हणून सांगते, आमच्या ह्यांचं शिलाई मशीन गेली सहा वर्षं जावेच्या स्वयंपाकघरात गॅसला खेटून उभं होतं. गिऱ्हाइकं नवा शर्ट अंगात घालण्याआधी हुंगायची आणि विचारायची, "आज कांदा होता का?" हे बिचारे हसून घ्यायचे. मला ते हसू बघवत नसे.

तेव्हा मी जोमाने कामाला लागले. निवासात बारा खोल्या, सहासमोर सहा, मधे व्हरांडा. खोल्या एकेकट्याच्या आणि अरुंद. एका टोकाला भिंतीत बांधलेलं कपाट, दुसऱ्या टोकाला दार, मधे पलंगाची जागा. मी ह्यांच्या मशीनवरची टेप उचलली आणि कपाटापासून दारापर्यंत लावली. टेप दीडशेची, म्हणून दोनदा लावावी लागली. दीडशे आणि सत्तर, दोनशे वीस! लोखंडी, एकसंध, दोनशे वीस सेंटीमीटरचे बारा पलंग मी वेल्डिंगवाल्याला सांगून टाकले. शिवाय हाताशी असावा म्हणून तेरावा.

पलंग आले ते संघ पोचायच्या बरोबर तासभर आधी. वेल्डिंगवाल्याने पहिला आत सरकवला. तो कपाटाला टेकला. मग त्याने दार लोटलं.

दार लागेना!

"बाई, वीस सेंटीमीटर बाहेर राहतोय."

"ढकला की जरा!"

"कपाट ढकलू का भिंत?"

"मग आडवा टाका."

"आडवा बसत नाही. रुंदी त्याहून कमी आहे."

"तिरका?"

"तिरका टाकतो. खेळाडू खिडकीतून येणार का?"

"मग कापा!"

"बारा पलंग? चार दिवस लागतील."

मी ह्यांना फोन लावला. "अहो, तुमच्या त्या टेपला काही झालंय का?"

"कुठे काय? टोक विरलं होतं, म्हणून पहिले दहा सेंटीमीटर कापले आणि पितळी पट्टी परत ठोकली. मी मोजताना दहा वजा करतो."

"मग मला सांगायचं नाही?"

"अगं, तुला नुसत्या नजरेने कळतं ना?"

मी फोन ठेवला. टेप दोनदा लावली म्हणजे दहाची चूक दोनदा! एवढा हिशेब मला त्या घटकेला तोंडी जमला.

तेवढ्यात बस आली. बारा जण उतरले, तेराव्या त्यांच्या प्रशिक्षकबाई. बाईंनी व्हरांड्यात पाऊल टाकलं आणि थबकल्या. बाराही दारं सताड उघडी, प्रत्येक दारातून पलंगाची जीभ बाहेर!

"हे काय आहे?"

"हवेशीर रचना," मी म्हणाले. माझ्या तोंडून कसं निघालं, मला विचारू नका.

"खोलीत शिरायचं कसं?"

"पलंगावरून! मुलांना लांब टांगा आहेत, त्यांना काय अवघड आहे?"

बाईंनी पिशवी खाली ठेवली. "चार वाजता संचालक येतायत ना? मी त्यांच्याशीच बोलते." झालं! मला डोळ्यांसमोर गॅसशेजारचं मशीन दिसायला लागलं.

दोन ते चार सक्तीची विश्रांती होती. पलंग सोडायचा नाही, फोन घ्यायचा नाही. मी व्हरांड्याच्या टोकाला स्टुलावर बसून राहिले. दोन्ही बाजूंच्या दारांतून चोवीस पाय बाहेर आलेले. कपाटाशी डोकं, दारात पाय! समोरासमोरचे एकमेकांकडे बघतायत आणि कुणी अवाक्षर काढत नाही.

बाई माझ्याजवळ येऊन कुजबुजल्या, "त्या टोकाच्या दोन खोल्या समोरासमोर कुणी दिल्या? एक कप्तान आहे, दुसरा आमची तोफ, सगळ्यात जास्त गुण करणारा. शेवटच्या क्षणी कप्तानाने चेंडू दिला नाही म्हणून आम्ही गेली स्पर्धा हरलो. आठ महिने बोलणं नाही! अर्धा संघ याच्या बाजूला, अर्धा त्याच्या."

म्हणजे तीही चूक माझीच!

अर्धा तास गेला. अचानक कप्तानाचा आवाज आला. "तुझ्या मोज्याला भोक पडलंय."

बाईंनी माझा दंड धरला.

"बघू नकोस मग," तोफ म्हणाली.

"समोरच आहे. कुठे बघू?"

"डोळे मीट."

"मिटले. तरी अंगठा दिसतोय!"

पाचव्या खोलीतून कुणीतरी फिसकन हसलं. मग आठवीतून. मग बारा जणांचं हसणं असं फुटलं की पलंग खडखडायला लागले! हसू ओसरल्यावर तोफेने हळूच विचारलं, "त्या दिवशी चेंडू का नाही दिलास?"

"तू दिसलाच नाहीस रे. आईशपथ."

"एवढा सहा फूट सात इंच?"

"घाबरलो होतो."

बाईंनी डोळ्यांना पदर लावला. चार वाजता संचालक आले. चोवीस पाय बघून त्यांचा चेहरा पडला. "बाई, माफ करा! मी आत्ता हॉटेलची सोय करतो."

"खबरदार!" बाई म्हणाल्या. "एकही पलंग इथून हलणार नाही!"

त्यानंतर रोज दुपारी त्या व्हरांड्यात जो गलका व्हायचा, तो काय सांगू! डावपेच, नकला, भांडणं, सगळं झोपल्या झोपल्या. मला सगळे मावशी म्हणायला लागले. हे एकदा मशीनचा दोरा घेऊन आले आणि तोफेचा मोजा शिवून गेले, तेव्हापासून हे मामा. आणि संघ जिंकत सुटला!

अंतिम सामन्याला आम्ही दोघं पहिल्या रांगेत. खेळातलं मला ओ की ठो कळत नाही, पण शेवटचे काही क्षण उरलेले, एका गुणाने मागे आणि चेंडू कप्तानाच्या हातात, एवढं कळलं. त्याने मान वर केली. समोर बघितलं. आणि दिला! तोफेने उडी मारली, चेंडू जाळीतून खाली आला, आणि मी ओरडले की काय झालं ते माझं मलाच आठवत नाही. रडत होते एवढं खरं.

सत्काराला बाईंनी भाषणात सांगितलं, "हा चषक उघड्या दारांचा आहे." संचालकांनी मला मंचावर बोलावलं. "बाई, बरोबर वीस सेंटीमीटर! हे तुम्हाला सुचलं कसं?"

मागच्या रांगेत हे गळ्यात तीच टेप अडकवून बसले होते.

"अनुभव, सर," मी म्हणाले. ह्यांना जोराचा ठसका लागला.

नोकरी पक्की झाली. क्वार्टर मिळालं. मशीन खिडकीपाशी उजेडात बसलं आणि पहिला शर्ट शिवून हे तो हुंगत राहिले. "नुसता कापडाचा वास येतोय गं," म्हणाले. त्या दिवशी मला आभाळ ठेंगणं वाटलं!

फक्त एक झालं. संचालकांनी मानाचा म्हणून तेरावा पलंग आम्हाला दिला. बारा पोरांनी वाजतगाजत आणून मांडला, नको कसं म्हणणार? क्वार्टरची खोलीही त्याच नमुन्याची. तो संघ गेला, पण मोज्याची गोष्ट निवासात राहिली; आता पहाटे धावायला निघालेली नवी पोरंही आमच्या दाराशी थांबून ओरडतात, "मामा, मोज्याला भोक!"

निवासाची तक्रारवही माझ्याच टेबलावर असते. परवा ह्यांनी तिच्यात पहिली तक्रार लिहिली, ठळक अक्षरात: 'दार लागत नाही.' शेजारी वॉर्डनच्या शेऱ्याचा रकाना आहे. बराच वेळ पेन चावून शेवटी मी लिहिलं, 'मोजून बघते.'